वाचकांचे प्रश्न : घरच्या कारखान्यात घडणारी गिटार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरच्या छोट्याशा कारखान्यात स्वतःच्या हातांनी गिटार बनवणाऱ्यांची आहेत आणि ती सगळी आपल्या मराठवाड्यातूनच आली आहेत. कुणाची गिटार निम्मी झाली आहे, तर कुणाला चढवलेल्या तारा पुन्हा उतरवाव्या लागल्या आहेत. त्यांतील पाच पत्रांचा आशय देऊन उत्तरे देत आहे. सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरांचे तबली (गिटारीच्या पोकळ पेटीची वरची फळी), घोडी (तबलीवर तारा टेकतात तो तुकडा), पडदे (स्वरासाठी तार ज्यांच्यावर दाबतात त्या आडव्या पट्ट्या) हे शब्द आपल्याकडे रुळलेले असल्यामुळे गिटारीच्या भागांसाठीही मी तेच वापरले आहेत.

प्रश्न : गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी नायलॉनच्या तारांची गिटार बनवत आहे. तबलीला आतल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये चिकटवल्या आणि दिवाळीत पेटी बंद केली. मार्च संपता संपता घोडीच्या पुढचा भाग खाली बसल्यासारखा दिसू लागला, तारा पडद्यांना लागून झणझणू लागल्या आणि गेल्या आठवड्यात घोडीपासून खालच्या कडेपर्यंत बारीक चीर गेली. लाकूड खराब निघाले काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : लाकूड बहुधा चांगलेच आहे, पट्ट्या चिकटवण्याची वेळ मात्र चुकली. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, परंतु रेषांना आडवे ते हवेतल्या ओलाव्याबरोबर सतत फुगते आणि आकसते. ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की त्या वेळी तबली पुरती फुगलेली असते. तिच्यावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या, की ती त्याच रुंदीला जखडली जाते. पुढे चैत्र-वैशाखात दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पत्र्याखाली हवा आणखी कोरडी होते. तबली आकसू पाहते, पण पट्टी तिच्या लांबीत आकसत नसल्यामुळे तबलीला जागा सोडत नाही. या ओढाताणीत आधी तबलीचा फुगवटा बसतो आणि मग ती चिरते.

माझ्या पहिल्या गिटारीचे हेच झाले होते. श्रावणात पट्ट्या चिकटवल्या आणि एप्रिलच्या एका रात्री, सगळे झोपलेले असताना, खोलीत ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी पेटीत बॅटरी सोडून खोलीचे दार लावून घेतले, तेव्हा तबलीवर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही, म्हणूनच या एका प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

आधी तारा सैल करा. चिरेत गोंद लगेच भरू नका. आता भरलात, तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला जागा उरणार नाही. भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, ती डबी गिटारीबरोबर बंद केसमध्ये ठेवा आणि दर दोन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा. दोन आठवड्यांत चीर बरीचशी मिटते. मग तीत गरम सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) बोटाने चोळून भरावा, वरून पुसून घ्यावे आणि आतून स्प्रूस या तबलीसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या लाकडाची पातळ, शंकरपाळ्याच्या आकाराची ठिगळे अशी लावावीत, की त्यांच्या रेषा चिरेला आडव्या येतील. घाई म्हणून गिटार कूलरसमोर ठेवू नये. वाळ्याच्या ओल्या झोताने एक बाजू फुगते, दुसरी तशीच राहते आणि नवीन चीर जाते.

पुढच्या गिटारीसाठी रंधा-पटाशीच्या आधी आर्द्रतामापक घ्या. स्वस्तातले मापक दहा टक्क्यांनीही चुकू शकते, म्हणून ते तपासून घ्यावे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते लापशीसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि ते झाकण व मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. खोलीच्या तापमानाला अशा मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापक 69 दाखवत असेल, तर ते सहाने कमी दाखवते, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. तुमच्याच गावातल्या कृषी विद्यापीठाच्या हवामान पत्रिकेत सकाळ-दुपारच्या आर्द्रतेचा अंदाज असतो. त्यावरून येत्या दिवसांचा कल कळतो, परंतु निर्णय तुमच्या खोलीतल्या आकड्यावरच घ्यायचा आहे.

तबली आणि पाठ यांना पट्ट्या चिकटवणे व पेटी बंद करणे, ही कामे खोलीत 40 ते 50 टक्के आर्द्रता असेल त्याच दिवशी करावीत. आपल्याकडे असे दिवस दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत भरपूर मिळतात. पावसाळ्यात नेक (गिटारीचा दांडा) कोरावा, साचे करावेत, हत्यारांना धार लावावी. गावात कुणाचे माळवदाचे घर अजून उभे असेल आणि त्यातली एखादी खोली मिळत असेल, तर पत्र्याची खोली सोडून तिथे काम न्या. जाड मातीच्या भिंती दिवसरात्रीतला फरक पुष्कळ सोसून घेतात, आणि गिटारीला थंडाव्यापेक्षा हा सारखेपणा अधिक मानवतो.

प्रश्न : 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमचे माळवदाचे घर पडले. त्यातल्या दोन सागवानी तुळया वडिलांनी गोठ्यात जपून ठेवल्या आहेत. त्यातून संपूर्ण गिटार बनवावी, असे मनात आहे. परदेशी लाकूड न आणता ती चांगली वाजेल का? – एक शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : आपल्या तुळयांचे मोल मी जाणतो, म्हणून त्यांना करवत लावण्याआधी हे लिहीत आहे. त्या सागवानातून नेक, पाठ आणि बाजू बनवाव्यात. तबली मात्र बनवू नये. तबली हलकी असूनही ताठ असावी लागते. स्प्रूसचे वजन घनमीटरला साधारण 400 ते 450 किलो भरते, तर सागवानाचे सुमारे 650 किलो. सागवानाची तबली ताठपणासाठी जाड ठेवली तर जड होऊन आवाज दबतो, आणि पातळ केली तर तारांच्या ओढीने वाकते. देवदारी खोक्यांच्या फळ्या हलक्या असल्या तरी त्यांत गाठी फार असतात आणि रेषा विरळ असतात, म्हणून त्यांच्याही वाटेला जाऊ नये. तबलीसाठी तेवढी स्प्रूसच्या फळ्यांची एक जोड विकत घ्यावी.

पाठ-बाजू परदेशी लाकडाच्या नसल्या तर गिटार कमी प्रतीची होते, ही समजूत मनातून काढून टाकावी. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या थोर कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केलेली गिटार बनवली. आवाज मुख्यतः तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही जतन केलेली आहे. आणि परदेशी म्हणावे, तर ज्या लाकडाच्या पाठीसाठी तिकडचे लोक धडपडतात, ते आपल्याकडचे शिसव आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनी ब्राझीलच्या शिसवाऐवजी 1969 पासून तेच वापरू लागली. फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकवर पडदे बसवतात त्या पट्टीसाठी, तेवढा शिसवाचा तुकडा मिळवावा.

तुळई वखारीत नेण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवावे. जुन्या तुळईत खिळे आणि लोखंडी खुंट्या आत मोडून राहिलेल्या असतात. वखारीच्या पात्याचा एक दात त्यावर तुटला, की पुढचे काम कुणी हातात घेत नाही. तुळईच्या टोकाला ओला हात फिरवला, की वर्तुळे स्पष्ट दिसतात. फळ्या अशा कापून घ्याव्यात, की ही वर्तुळे फळीच्या तोंडाला उभी दिसतील. अशी फळी आडवी पडलेल्या वर्तुळांच्या फळीपेक्षा पुष्कळ कमी हलते. अगदी मधला भाग आणि कडेचा फिकट भाग सोडून द्यावा. मधून चिरा फुटतात, कडेला कीड लागते. लाकूड तीस वर्षे वाळलेले असले, तरी कापल्यावर आतले ताण मोकळे होतात, म्हणून फळ्या चार मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवून, मध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून, दोन महिने रचून ठेवाव्यात आणि मगच अडीच मिलिमीटरपर्यंत रंधाव्यात. बाजूच्या फळ्या दोन मिलिमीटरच्या कराव्यात, म्हणजे तापलेल्या नळीवर वाकवताना मोडत नाहीत.

सागवानात तेल असते, त्यामुळे सांधा लागत नाही अशी तक्रार नेहमी येते. चिकटवायची बाजू त्याच दिवशी रंधून, ॲसिटोनच्या फडक्याने पुसून, पंधरा मिनिटांच्या आत गोंद लावावा. रात्रभर तशीच ठेवली, तर तेल पुन्हा वर येते.

प्रश्न : 650 मिलिमीटर मापाच्या, स्टीलच्या तारांच्या गिटारीचे पडदे मी पट्टीने मोजून बसवले. मोकळी तार बरोबर लागते, पण वर जावे तसा प्रत्येक स्वर चढा होतो. बाराव्या पडद्यावर तर कानाला खटकतो. – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : येथे दोन वेगळ्या चुका असू शकतात. नटपासून (नेकच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतच्या तारेच्या लांबीला 17.817 ने भागले, की पहिल्या पडद्याचे अंतर मिळते, म्हणजे 650 साठी 36.48 मिलिमीटर, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागले, की पुढचे. दुसरा पडदा नटपासून 70.92 मिलिमीटरवर येतो. हे हिशेब पूर्ण मिलिमीटरमध्ये वाढवून 37 आणि 35 असे एकापुढे एक मोजले, तर दुसराच पडदा एक मिलिमीटरहून थोडा अधिक पुढे सरकतो, स्वर चढतो आणि पुढे चुकीत चूक मिसळत जाते. म्हणून सगळी अंतरे आधी कागदावर काढून प्रत्येक पडदा नटपासूनच मोजावा आणि खूण पेन्सिलीने न करता धारदार सुरीने करावी.

तुमचा बारावा पडदा नटपासून बरोबर 325 वर असेल, तर दोष घोडीचा आहे. तार दाबली, की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. तो उतरवण्यासाठी घोडीवरची हाडाची पट्टी हिशेबापेक्षा मागे न्यावी लागते, बारीक तारेला दोन ते तीन मिलिमीटर आणि जाड तारेला पाचच्या आसपास. त्यामुळेच ती तिरपी बसवलेली दिसते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून वाजवलेला स्वर आणि तार दाबून वाजवलेला स्वर एक झाले, की जागा बरोबर आली. घोडी काढण्याची गरज नाही. जुनी खाच शिसवाच्या चिपेने बुजवून मागे नवी खाच कोरता येते.

प्रश्न : स्टीलच्या तारांच्या गिटारीची घोडी मे महिन्यात मोटारीत ठेवलेली असताना उखडली. गोंद सुतारकामाचा पांढराच होता. आता काय वापरावे? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : स्टीलच्या सहा तारा मिळून घोडीवर सुमारे 70 किलोची ओढ देतात. बंद मोटारीत मे महिन्यात पांढरा गोंद मऊ पडतो आणि ओढ तर क्षणभरही थांबत नाही. उखडलेल्या जागी तबलीवर चकाकी दिसते का, ते पाहा. दिसत असेल, तर घोडी लाकडावर न चिकटवता पॉलिशवर चिकटवली गेली होती, आणि माझ्या अनुभवात अशाच घोड्या सर्वांत आधी निघतात.

दोन्ही बाजू लाकूड दिसेपर्यंत साफ कराव्यात. मी घोडीसाठी सरसच वापरतो. त्याचे दाणे रात्री दुप्पट पाण्यात भिजत घालावेत, सकाळी डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60 ते 65 अंशांपर्यंत तापवावी आणि उकळी मात्र येऊ देऊ नये, कारण उकळलेल्या सरसाचा जोर जातो. घोडी शेगडीजवळ कोमट करून घ्यावी, मिनिटाच्या आत बसवून क्लॅम्प आवळावा आणि एक दिवस हात लावू नये. दमट उष्णतेत सरसही सैल होतो, तेव्हा गिटार मोटारीत ठेवण्याची मुभा त्यानेही मिळत नाही.

प्रश्न : लाखेचे पॉलिश दिले, तर त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक आली. लाख भेसळीची आहे का? – एक वाचक, हिंगोली

उत्तर : तुमचे पत्र जुलैमधले आहे, त्यातच कारण आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते. तेच पांढरे दिसते. कोरडा दिवस पाहून, नुसत्या स्पिरिटने किंचित ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला, तर झाक बहुतेक वेळा निघून जाते. लिटरभर स्पिरिटला 125 ते 250 ग्रॅम चपडी लाख पुरे, त्याहून दाट करू नये. उरलेले हात दसऱ्यानंतर द्यावेत आणि तोवर गिटार ओलीच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवावी.