ठाण्याचे सोळा लाख की नागपूरचे साडेबारा?

तुमचं पत्र थोडक्यात असं: ठाण्यात राहता, नोकरी सीएसएमटीजवळ, ग्रॉस पगार वर्षाला १६ लाख, भाडं महिना ३२ हजार. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातून साडेबारा लाखांची ऑफर आलीय, वर्धा रोडला तसाच टू बीएचके १६ हजारांत मिळतोय, आईवडील वर्ध्याला. दरमहा २९ हजारांचं नुकसान सोसून जावं का, हा प्रश्न.

आधी ते २९ हजार खोडा; तो कर आणि भाडं न धरता काढलेला फरक आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी १६ लाखांवर तुम्हाला १,१३,१०० रुपये कर बसतो. साडेबारा लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की पावणेबारा उरतात, त्यावर कर शून्य. म्हणजे हातात येणारा फरक महिना १९,७०० च्या आसपास, आणि त्यातले १६ हजार भाड्यातच सुटतात. उरले पावणेचार हजार. फक्त एफडीचं व्याज वर्षाला २५ हजारांच्या वर जात नाही ना, ते बघा. गेलं तर शून्य कराची बारा लाखांची मर्यादा ओलांडली जाईल. आणि साडेबारा हा आकडा ग्रॉसचा की सीटीसीचा (म्हणजे कंपनीचा पीएफ वगैरे वाटा धरून), हे एचआरकडून लेखी घ्या.

किराण्यात फार फरक पडणार नाही. वीज दोन्हीकडे महावितरणचीच, पण मे महिन्यात नागपुरात दिवसभर एसी चालला की युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात. कूलर घ्या. मेट्रो खापरीपर्यंत आहे, तरी दुचाकी लागेलच. लोकलमधले रोजचे दोन तास आणि आईवडील तासा-दीड तासावर असणं, याला मी किंमत लावत नाही; ती तुम्हीच लावायची.

माझी शंका निराळी आहे. पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय की मिसेसना शाळेत ३४ हजार मिळतात, तिकडे काहीतरी बघतील. अहो, खरा हिशोब इथेच आहे! तिकडे २० हजारांवर भागवावं लागलं तर महिन्याला आणखी १४ हजार गेले. वर्षभर काहीच जमलं नाही तर चार लाख, म्हणजे भाड्यातल्या बचतीच्या दुप्पट.

जा, पण त्यांची नोकरी पक्की झाल्यावर. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा अर्ज एप्रिलपासूनच टाकायला लागा. फ्लॅट बुक करू नका. ११ महिन्यांचा भाडेकरार पुरे.