दुश्मनाच्या शौर्याची साक्ष

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गावातल्या माजी सैनिकांच्या आठवणी टिपून त्यांची स्मरणिका काढण्याचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे पिढ्यानपिढ्या घरटी एकजण सैन्यात जातो. तरीही या माणसांचे अनुभव कागदावर आलेले फार थोडे आहेत, आणि १९७१ साली जे ऐन पंचविशीत होते त्यांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला लढलेल्या एका सुभेदारांनी तुला ‘दुश्मन चांगला लढला’ असे सांगितले आणि तुझी लेखणी तिथेच थांबली. हे वाक्य छापावे की गाळावे, आणि छापले तर आपल्या हुतात्म्यांच्या घरच्यांना काय वाटेल, असे तू विचारतोस. वाक्य जरूर छाप. मात्र ते कसे छापायचे, त्याच्या आजूबाजूला काय असले पाहिजे आणि काय नसले पाहिजे, हे नीट समजून घे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जमालपूरचेच पाहू. तुझे सुभेदार जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. डिसेंबर १९७१ मध्ये ९५ माउंटन ब्रिगेडने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरला वळसा घातला आणि लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखालच्या मराठ्यांनी शहराच्या दक्षिणेला, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोर्चे बांधले. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती आणि तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपले ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी त्यांना शरण येण्याविषयी पत्र लिहिले. तुम्ही चहूबाजूंनी वेढले गेला आहात, विमानांच्या चाळीस फेऱ्या तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि पत्र आणणाऱ्या माणसाला नीट वागवावे, असा त्याचा आशय होता. हे पत्र घेऊन तिथलाच एक वृद्ध गृहस्थ पांढरे निशाण धरून शत्रूच्या ठाण्यात गेला आणि उत्तर घेऊन परतला. सुलतान अहमदांनी लिहिले होते की लढाईला अजून तोंडच लागलेले नाही. चाळीस फेऱ्या पुरणार नाहीत, आणखी मागवा. तुमच्या माणसाला नीट वागवा हे सांगण्याची गरज नव्हती, त्याला आमचा चहा आवडला असेल अशी आशा आहे. आणि पुढच्या भेटीत तुमच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन दिसू द्या. त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती.

पुढे १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच वेढा फोडून ढाक्याकडे निघाली आणि अंधारात मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. लाटेमागून लाट आली आणि प्रत्येक लाट आमच्या जवानांनी परतवली. उजाडले तेव्हा मोर्चांसमोर प्रेतांचा खच पडला होता. सुलतान अहमद स्वतः काही माणसांसह निसटले, उरलेल्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी टांगाइलजवळ छत्रीधारी उतरले, ती २ पॅरा हीसुद्धा मूळची मराठा पलटण. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या पंचक्रोशीत असेल तर त्यालाही गाठ.

आता सुभेदारांच्या वाक्याकडे परत ये. ते वाक्य त्या सकाळचे आहे. रात्रभर ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती माणसे पुन्हा पुन्हा उठून पुढे आली, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि म्हणून ते बोलू शकतात. आपल्याकडे व्यासपीठावरून बोलणारे दोन प्रकारचे लोक आढळतात. काहीजण शत्रूला भेकड ठरवतात आणि काहीजण शेवटी सगळे सैनिक सारखेच असे म्हणून गहिवरतात. या दोघांनाही त्या रात्रीचा अनुभव नाही. शत्रू घाबरून पळाला असे लिहिलेस, तर मग मराठा लाइट इन्फंट्रीच्या रणसन्मानांत ‘जमालपूर’ हे नाव कशासाठी कोरले गेले? भेकडाला अडवायला एवढी माणसे कामी यावी लागत नाहीत. सुभेदारांचे वाक्य गाळलेस तर त्यांच्या स्वतःच्या पलटणीचाच पराक्रम उणा होतो, आणि मला वाटते हुतात्म्यांच्या घरच्यांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

अशी साक्ष कागदावर उतरली तर तिचे काय होते, याची दोन उदाहरणे तुला माहीत असावीत. पहिले त्याच युद्धातले. पश्चिम आघाडीवर शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडचे जरपाल हे गाव ३ ग्रेनेडियर्सने जिंकले होते. १७ डिसेंबरला पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सने ते परत घेण्यासाठी हल्ला चढवला आणि त्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा स्वतः आघाडीला राहून पुढे येत असताना पडले. याच लढाईत जखमी अवस्थेत खंदकाखंदकांतून फिरून जवानांना धीर देणारे मेजर होशियार सिंग पुढे परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ३ ग्रेनेडियर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल वेद प्रकाश एअरी यांनी मात्र आपल्या माणसांच्या शौर्याबरोबर समोर पडलेल्या कर्नलचे शौर्यही लिहून काढले, आणि राजांचा देह परत देताना ती नोंद त्यांच्या सैन्याकडे गेली. पाकिस्तानने राजांना हिलाल-ए-जुर्रत हे मोठे शौर्यपदक दिले. एअरींची स्वतःची माणसे त्या दोन दिवसांत मेली होती, हे विसरू नकोस. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता आणि त्याने एक ओळही लिहिली नसती, तरी त्याला बोल लावता आला नसता.

दुसरे उदाहरण कारगिलचे. जुलै १९९९ मध्ये टायगर हिल १८ ग्रेनेडियर्सने सर केल्यावर, लगतच्या कड्यांवर ठाण मांडून बसलेल्या ८ सिखच्या जवानांवर पाकिस्तान्यांनी प्रतिहल्ले केले. त्यांत पुढे होऊन माणसांना पुन्हा पुन्हा गोळा करणारा अधिकारी म्हणजे १२ नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचा कॅप्टन कर्नल शेर खान. त्यातले ‘कर्नल’ हे नाव आहे, हुद्दा नव्हे. तुझ्या मजकुरात गोंधळ होऊ नये म्हणून सांगितले. तो मारला गेला आणि हल्ला मोडला. १९२ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा देह खाली आणवला आणि परत पाठवण्यापूर्वी त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली: हा अधिकारी फार शौर्याने लढला आहे, त्याला त्याचे श्रेय मिळावे. डोंगरात लढणारे आपले सैनिक नसून मुजाहिदीन आहेत, अशी भूमिका तेव्हा पाकिस्तानचे सरकार घेत होते. ज्याला त्याचेच सरकार उघडपणे आपला म्हणत नव्हते, त्याची नाव, हुद्दा आणि पलटणीसह ओळख शत्रूच्या ब्रिगेडियरने दिली. पुढे त्याला निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

या दोन्ही नोंदींत भावनेचा पसारा नाही, हे बारकाईने बघ. नाव, पलटण, जागा, कृती आणि लिहिणाऱ्याची सही, एवढेच त्यांत आहे. तुझे लेखनही तसेच असावे. ‘शत्रू असूनही महान’ यांसारखी वाक्ये काढून टाक. कोणत्या रात्री, कोणत्या मोर्चासमोर, किती अंतरावर, त्याने काय केले, हे सुभेदारांना विचार आणि तेवढेच लिही.

आता अवघड भागाकडे येतो. ज्या सुलतान अहमदांच्या पत्राचे मला आजही कौतुक वाटते, ते ज्या सैन्याचे अधिकारी होते त्या सैन्याने मार्च १९७१ पासून पूर्व बंगालात नि:शस्त्र माणसांचे शिरकाण केले, स्त्रियांवर अत्याचार केले, आणि शरणागतीच्या दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, त्याच्या हस्तकांनी ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घराघरांतून उचलून नेऊन ठार मारले. कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्यासोबतच्या पाच जवानांचे देह जून १९९९ मध्ये परत आले तेव्हा त्यांवर छळाच्या खुणा होत्या. शेर खानच्या खिशातली चिठ्ठी हे पुसून टाकत नाही, आणि पुसून टाकावे म्हणून ती लिहिलेलीही नव्हती. एका माणसाच्या एका कृतीची ती साक्ष आहे. तिचा विस्तार करून संपूर्ण सैन्याला निर्दोष ठरवणे जितके चूक, तितकेच सैन्याच्या गुन्ह्यांमुळे त्या माणसाचे धैर्य नाकारणेही चूक. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी, पूर्ण वजनाने लिही, आणि एकीने दुसरीचा तोल साधण्याचा प्रयत्न करू नकोस.

आदर आणि कर्तव्य यांतला फरकही ध्यानात ठेव. शत्रूच्या मृतांची ओळख पटवणे, त्यांच्या धर्मानुसार शक्यतो अंत्यसंस्कार करणे, त्यांच्या कबरी जपणे, त्यांच्याजवळच्या वस्तू घरी पोहोचतील असे पाहणे, हे १९४९ च्या जिनिव्हा करारांनी सर्वांवर बंधनकारक केले आहे. कारगिलमध्ये जे देह पाकिस्तानने स्वीकारले नाहीत ते आपल्या सैन्याने इस्लामी पद्धतीने दफन केले. १९७१ च्या सुमारे ९३,००० युद्धबंद्यांना, ज्यांत काही नागरिकही होते, आपण सांभाळले आणि परत पाठवले. याचा अभिमान बाळगावा, परंतु ते उपकार म्हणून लिहू नये. शत्रू भ्याड असला, क्रूर असला, तरीही एवढे त्याला देणे लागतेच. एअरी आणि बाजवा यांनी दिले ते त्याच्या पलीकडचे होते आणि ते कोणाकडूनही मागून घेता येत नाही. म्हणून तुला भेटणाऱ्या एखाद्या माजी सैनिकाच्या मनात दुश्मनाविषयी आदराचा लवलेशही नसेल, तर त्याला उपदेश करू नकोस. त्याचे म्हणणेही सुभेदारांच्या म्हणण्याइतक्याच काळजीने छाप. आणि एखाद्या वीरपत्नीला ‘तुम्ही क्षमा केली का’ असे कधीही विचारू नकोस. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या संदर्भात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या वडिलांची हकीकत सांगतो. अरुण यांचा जन्म पुण्याचा आणि पलटणही पुण्याचेच नाव मिरवणारी, पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, आपल्या रणगाड्याने पेट घेतला असतानाही तोफ चालू आहे म्हणून माघार नाकारून, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो रणगाडा अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) चिलखती दलाच्या केंद्रात जतन केला आहे, तो अवश्य पाहून ये. त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. २००१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले, तेव्हा लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांचे मनापासून आतिथ्य केले. निघण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले की त्या दिवशी पाकिस्तानच्या १३ लान्सर्सच्या रणगाड्यांत मी होतो आणि तुमचा मुलगा माझ्याच हातून मारला गेला.

अनेकांनी ही हकीकत सांगितली आहे, आणि बहुतेकांना त्या क्षणी वडिलांच्या मनात काय चालले असेल हे रंगवण्याचा मोह आवरलेला नाही. तू तो आवर. आपल्याला जे ठाऊक आहे ते पुरेसे आहे: न सांगता राहणे सहज शक्य असताना एका सैनिकाने आपले कृत्य मृताच्या पित्यापुढे स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि त्या मुलाच्या धैर्याची थोरवीही सांगितली. तीस वर्षे त्याने ते मनात वागवले होते. त्यापुढचे जे काही असेल ते त्या दोघांचे आहे.

पुढच्या खेपेला सुभेदारांकडे जाताना जमालपूरचा मोठ्या मापाचा नकाशा घेऊन जा आणि तो त्यांच्यासमोर पसरून ठेव; नकाशावर बोट ठेवून माणसे जेवढे बोलतात तेवढे प्रश्नांना उत्तर म्हणून बोलत नाहीत. समोरच्या पलटणीतल्या कोणाचे नाव त्यांना आठवते का, सकाळी मृतांची व्यवस्था कोणी आणि कुठे केली, युद्धबंद्यांशी त्यांचे काही बोलणे झाले का, हे सावकाश विचार. ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे त्यांच्याकडूनच वेगळे करून घे. काही घरांतल्या ट्रंकांत दुश्मनाच्या खिशातून निघालेल्या वस्तू अजून असतात: पे-बुक म्हणजे सैनिकाची पगाराची वही, कुराणाची छोटी प्रत, एखादा कौटुंबिक फोटो. तसे काही दिसले तर वस्तूचे छायाचित्र घे, ती कुठे, कधी आणि कोणाजवळ सापडली ते तिच्या मालकाच्या शब्दांत लिहून ठेव, पण त्यावरचे नाव-पत्ता किंवा फोटोतली माणसे स्मरणिकेत छापू नकोस, कारण त्या माणसांपैकी कोणी आज हयात असू शकते. वस्तू परत जावी अशी त्या घराची इच्छा असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचार, आणि त्या कामी लागेल तेवढा वेळ मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही