मत्स्यसंशोधनावर एवढा खर्च होतो, त्याचा मच्छीमाराला प्रत्यक्षात काय उपयोग?

तुमचा प्रश्न असा आहे की, कोचीपासून वर्सोव्यापर्यंत एवढ्या सरकारी संस्था आणि एवढे शास्त्रज्ञ असूनही पापलेट दरवर्षी लहान आणि महाग होत चाललंय, मग ही मंडळी नेमकं करतात काय?

हाच प्रश्न मला एकदा तोंडावर विचारला गेलाय. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा प्रकल्पासाठी काही महिने पहाटे मिरकरवाडा जेटीवर जायचो. लिलाव चालू असताना टोपलीतला मासा उचलायचा, लाकडी मोजपट्टीवर आडवा ठेवायचा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा, आकडा वहीत टिपायचा आणि मासा परत टोपलीत. अर्थात मध्ये मध्ये लुडबुड होते म्हणून शिव्याही खायच्या. मासे विकणारी एक मावशी एके दिवशी वैतागून म्हणाली, "रोज मोजतोस रे, मोजून मासा वाढतो काय?"

तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता उत्तर देतो.

समुद्रात किती मासा आहे हे कुणालाच मोजता येत नाही. मोजता येतो तो किनाऱ्यावर उतरलेला मासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली, आता तिचं मुख्यालय कोचीत आहे. तिची माणसं देशभरातल्या बंदरांवर ठरावीक दिवशी जाऊन काही होड्यांची मासळी तपासतात आणि त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधतात. सोबत लांबी मोजायची, पोट फाडून गाबोळी कितपत तयार झालीय ते बघायचं. थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं उमटतात. आपल्याकडे पाणी बारा महिने उबदार, त्यामुळे ती नीट उमटत नाहीत. म्हणून हजारो माशांच्या लांब्या महिन्यामागून महिने मोजून वाढीचा हिशेब काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू. पण त्यातून एक आकडा निघतो: अमुक जातीचे निम्मे मासे अमुक लांबीला अंडी घालण्याजोगे होतात. त्याआधी मासा धरला तर तो आणि त्याची पुढची पिढी दोन्ही एकदमच संपतात.

आपल्याकडच्या राज्यांत या आकड्याचा पहिला वापर केरळने केला. २०१५ साली त्यांनी १४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला आणि २०१७ मध्ये ही यादी ५८ जातींपर्यंत नेली. त्यातला किळिमीन म्हणजे आपला राणी मासा. नियमानंतर केरळात त्याचं उत्पादन ४१ टक्क्यांनी वाढल्याचं याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं. मावशीला आज मी एवढंच सांगेन: मोजून वाढतो, पण सगळ्यांनी मोजलं तर.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि नोव्हेंबरमध्ये ५४ जातींचे किमान आकार जाहीर केले. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०. १३५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम टीचभर. त्या मापापुढचं प्रत्येक पापलेट एकदा अंडी घालून गेलंय अशी हमी यात नाही. मला विचाराल तर टीचभर ही फारच सौम्य मर्यादा आहे. पण तीसुद्धा पाळली जात नाही, हे कुठल्याही जेटीवर पाच मिनिटं उभं राहिलात तरी कळेल.

का पाळली जात नाही? कारण नियम मासा बोटीवर आल्यावर लागू होतो, आणि तोवर तो मेलेला असतो. मेलेलं पिल्लू पाण्यात परत टाकून कुणाचं भलं होणार? खलाशी ते टाकत नाहीत, मासळीच्या पिठाच्या कारखान्याला देतात. तिथे किलोला मिळतील ते चार पैसे मिळतात. म्हणजे पट्टी जाळ्यातच बसवायला हवी, आणि या बाबतीत कोचीतल्याच दुसऱ्या संस्थेचं, केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं काम मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं.

ट्रॉलर म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी बोट, आणि तिच्या जाळ्याचं शेपूट म्हणजे खोला. सगळा मासा तिथे गोळा होतो. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे दोऱ्यांमधलं भोक, शंकरपाळ्यासारखा असतो. जाळं ओढलं की ताण येऊन शंकरपाळा मिटतो, त्याची चीर होते आणि लहान मासाही आत अडकतो. आस कागदावर कितीही मोठा असो, पाण्यात तो बंदच. तेच जाळं फिरवून आस चौकोनी केला की ताण दोऱ्यांवरून सरळ जातो, भोकं उघडी राहतात आणि पिल्लं जिवंत बाहेर पडतात. नवं यंत्र नाही, इंजिनात बदल नाही, फक्त खोला बदलायचा. सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेच्या प्रकल्पात मालवणकडच्या काही ट्रॉलरवाल्यांनी हे जाळं वापरून पाहिलं. कचरा कमी येतो, निवडायला वेळ कमी लागतो, हे त्यांना पटण्याजोगं होतं. अडचण एकच: शेजारचा ट्रॉलर जुनंच जाळं ओढत असेल तर तुम्ही सोडलेलं पिल्लू तो धरतो. हा पेच कुठल्याच प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

पालघर-वसई-वर्सोव्याच्या डोल जाळ्यांचं दुखणं याहून अवघड. डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवलेली असते, पाण्याबरोबर येईल ते आत जातं. त्यात जवळा आणि बोंबील धरायचा असतो. जवळा धरायचा तर आस मोठा करून कसं चालेल? आणि त्याच बारीक आसात पापलेटची पिल्लंही येतात. इथे सरसकट नियम लावणाऱ्यांनी आधी एकदा डोलीवर जाऊन यावं, असं मला फार वाटतं.

बाकीचं थोडक्यात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवा रंग बघून मासा कुठे असण्याची शक्यता आहे ते कळवते. त्याने शोधाशोध आणि डिझेल वाचतं. मासा वाचत नाही, उलट लवकर सापडतो, म्हणून टिकाऊ मासेमारीच्या खात्यात मी ते धरत नाही. कासव सुटण्याच्या खिडकीचं मात्र वेगळं. ट्रॉलरच्या जाळ्यात लोखंडी जाळी बसवतात, कोळंबी तिच्यातून मागे जाते, कासव वरून किंवा खालून बाहेर निघतं. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी तिचं रूप तयार केलंय. ती बसवली नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना आपण फोटो काढतो, ती मोठी झाल्यावर कुठे अडकतात तेही जाता जाता लक्षात घ्या.

आणि संशोधनाने सगळं होतं असंही नाही. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्र तापला, अन्न बदललं, त्यात पिल्लंही उपसली गेली. शास्त्रज्ञांनी कारणं सांगितली, पण तारली काही त्यांच्या सांगण्याने थांबली नाही.

तुमच्या पापलेटच्या भावाबद्दल: मोठ्या पापलेटला किलोमागे जास्त दर मिळतो हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक असतं, तरी आज जाळ्यात आलेलं पिल्लू उद्यासाठी सोडणं एकट्याला परवडत नाही. बाजारात त्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही तर गोष्ट वेगळी. मी अजूनही पापलेट घेताना अंगठा आणि तर्जनी ताणून माप लावतो. समोरची बाई म्हणते, "दादा, घ्यायचं तर घ्या, मोजताय काय." कधी कधी न घेता पुढे जातो, कधी घरी पाहुणे असतात.