'खरेदीवर लाभांश' : रॉचडेलच्या दुकानातला एक अवघड शब्द

एका वाचकाने विचारले आहे की, सहकार विषयाच्या अभ्यासात 'रॉशडेलच्या विणकरांनी सभासदांना खरेदीवर लाभांश दिला' असे वाक्य येते; परंतु लाभांश तर भागांवर (शेअरवर) मिळतो, मग तो खरेदीवर कसा मिळेल? शिवाय गावाचे नाव रॉशडेल की रॉचडेल?

शंका रास्त आहे, आणि घोटाळा वाचणाऱ्याचा नसून प्रतिशब्दाचा आहे. मूळ शब्द 'डिव्हिडंड'. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'जे वाटून द्यायचे आहे ते' एवढाच होतो. त्यात नफाही नाही आणि शेअरही नाही. भागाकारात ज्या संख्येला भागायचे तिलाही इंग्रजीत डिव्हिडंडच म्हणतात, आणि तिथे आपण 'भाज्य' हा अगदी नेमका शब्द वापरतो. कंपन्यांच्या व्यवहारासाठी मात्र मराठीने 'लाभांश' स्वीकारला. तो भागधारकाशी इतका घट्ट जोडला गेला आहे की, 'खरेदीवर लाभांश' वाचताना अडखळायला होणारच.

रॉचडेलच्या त्या मंडळींना भागधारकाचा नफा मुळी अभिप्रेतच नव्हता. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले हे गाव तेव्हा फ्लॅनेल या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. मजुरी वाढवून घेण्याचे विणकरांचे प्रयत्न फसले होते, आणि दुकानांत भेसळीचा माल उधारीवर पदरी पडत असे. तेव्हा 28 जणांनी (सगळेच विणकर नव्हते, हेही पाठ्यपुस्तकी वाक्यात हरवते) आठवड्याला दोन-तीन पेन्स साठवून 28 पौंडांचे भांडवल उभे केले आणि 21 डिसेंबर 1844 च्या संध्याकाळी टोड लेनवरील 31 क्रमांकाच्या इमारतीत, तळमजल्यावर दुकान उघडले. विकायला होते लोणी, साखर, गव्हाचे व ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. माल चोख, माप पुरते, व्यवहार रोखीचा.

भांडवलावर ठरावीक, मर्यादित व्याज द्यायचे आणि उरलेली शिल्लक ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत करायची, असा त्यांचा नियम होता. समजा, पौंडामागे दोन शिलिंग वाटायचे ठरले. त्या काळी पौंडाचे वीस शिलिंग होत; म्हणजे दहा पौंडांचा किराणा नेणाऱ्या घराला एक पौंड परत मिळे, मग त्याच्या नावावर एक भाग असो वा दहा. खरे पाहता हे पैसे त्याचेच होते. किंमत घेताना दुकानाने जे जास्त घेतले, ते हिशेबाअंती परत केले. या रकमेला इंग्लंडच्या कामगारवस्त्यांत 'डिव्ही' हे लाडके नाव पडले. पुढे पिढ्यान्पिढ्या सहकारी दुकानाच्या गल्ल्यापाशी मुले आईचा सभासद क्रमांक पाढ्यासारखा घडाघडा म्हणत, कारण क्रमांक चुकला तर डिव्ही दुसऱ्याच्या खात्यात जायची.

मराठीत याला काय म्हणावे? महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने भागांच्या प्रमाणात मिळतो तो डिव्हिडंड आणि संस्थेच्या व्यवहाराला लावलेल्या हातभाराच्या प्रमाणात मिळतो तो बोनस, असा भेद केलेला आहे. पण बोनससाठी शासकीय मराठीत रूढ असलेला 'अधिलाभांश' हा शब्द आपल्या कामाचा नाही, कारण त्यातून लाभांशावर काही जादा मिळाल्याचा भास होतो आणि घोटाळा एक पायरी वर सरकतो. माझ्या मते नेमका शब्द कोल्हापूरकडच्या दूध संस्थांच्या अंगणात आधीच आहे : 'फरक'. दिवाळीला 'दूध फरक' मिळतो तो घातलेल्या लिटरांवर, शेअरवर नव्हे. तिथे माल घालणाऱ्याला मिळतो आणि रॉचडेलमध्ये नेणाऱ्याला मिळे, एवढाच काय तो भेद. हिशेबाचे तत्त्व एकच. मात्र 'पगाराचा फरक' या अर्थाने तो शब्द सर्वत्र चालत असल्याने, लेखनात मी 'खरेदी-फरक' किंवा 'खरेदी-परतावा' लिहीन आणि 'लाभांश' भागांपुरता ठेवीन.

आता नाव. स्थानिक उच्चार 'रॉचडेल' असाच आहे, 'च' चमच्यातला नव्हे, चहातला. 'रॉशडेल' हे रूप 'ch' चा उच्चार फ्रेंच वळणाने 'श' केल्यामुळे आले असावे. गंमत अशी की, गाव रॉच नदीकाठी असले तरी 1086 च्या डोम्सडे या इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत ते 'रेसेडहॅम' आहे, म्हणजे जुन्या इंग्रजीत 'वाड्याची वस्ती'. नदीचे नाव गावावरून पडले असे मानतात. 'टोड लेन'चे भाषांतर 'बेडूकगल्ली' असे करण्याचा मोह मात्र आवरावा. लँकेशायरच्या बोलीत 'द ओल्ड लेन'चे 'टाउड लेन' होते, आणि त्याचेच पुढे 'टोड लेन' झाले असे तिथे सांगतात. तेव्हा बेडूक बहुधा तिथे कधी नव्हताच. ती नुसती जुनी गल्ली. 1931 पासून त्या दुकानात संग्रहालय आहे.