चावी खुंटीवर, गाडी गायब

गाडीचोरीबद्दल आलेली बरीचशी पत्रं एकाच सुरात आहेत : ‘काच फुटली नव्हती, कुलूप शाबूत होतं, तरी गाडी गेली.’ म्हणून सुरुवात तिथूनच करतो. माझा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेला. तेव्हा उत्तरं जरा तारांकडे झुकली तर चालवून घ्या.

प्रश्न : शेजाऱ्यांची बटण दाबून सुरू होणारी गाडी रात्रीतून गेली. दोन्ही चाव्या घरातच होत्या. आमचीही गाडी तशीच आणि चावी दाराजवळच्या खुंटीवर. चावी ठेवायचं खास पाकीट मिळतं म्हणे. त्याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं फॅड आहे?

उत्तर : उपयोग होतो. पण कशामुळे होतो ते कळलं, तर पाकीट नीट वापराल.

तुम्ही हँडलला हात लावला की गाडी हलक्या आवाजात हाक मारते, ‘आहेस का?’ ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्झची, जेमतेम मीटर-दीड मीटर पोहोचणारी. चावीला ती ऐकू आली की ती ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देते, आणि हे उत्तर मात्र चांगलं लांबवर जातं. गाडीची समजूत अशी की उत्तर आलं म्हणजे चावी जवळच असणार. चोर या समजुतीचाच फायदा घेतात. दोघं येतात. एक गाडीपाशी थांबतो, दुसरा तुमच्या दाराशी, पिशवीत किंवा जाकिटात अँटेना घेऊन. गाडीची हाक तो भिंतीपलीकडे पोहोचवतो, खुंटीवरची चावी इमानेइतबारे ‘ओ’ देते, आणि दार उघडतं. त्याच युक्तीने मग इंजिनही सुरू होतं. त्यात संकेत फोडावा लागत नाही, काही तोडावं लागत नाही. एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब राहिली म्हणून गाडी बंद पडत नाही, नुसती पिकपिक करते. भर रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात होऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. चोराला तेवढी पुरते.

पाकिटाला आतून धातूच्या धाग्यांचं अस्तर असतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्याचा जो गुण दाखवून दिला, तोच इथे कामाला येतो : लहरी आत शिरत नाहीत, बाहेर पडत नाहीत. मात्र घेतलं आणि विसरलं असं करू नका. चावी पाकिटात घालून गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट कुचकामी. ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करा, कारण रोजच्या वापराने घडीवर अस्तर तुटतं आणि बाहेरून काही दिसत नाही. पत्र्याचा डबाही चालू शकतो, पण झाकण सैल असेल तर नाही. त्यालाही हीच परीक्षा. चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा. कुणीतरी न बघता बटण दाबेल आणि चावी, ओव्हन दोन्ही जातील.

आणि दुसरी चावी? नेहमीची चावी पाकिटात जपतात, आणि जादाची चावी दाराशेजारच्याच कपाटात उघडी पडलेली असते. ती खरं तर आधी पाकिटात जायला हवी, कारण ती रोज लागतही नाही.

बऱ्याच गाड्यांत चावी न लावता उघडण्याची सोय बंद करता येते. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड वापरतात, म्हणजे लहर जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजून चावीचं अंतर काढतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. मध्ये यंत्र घालून हाक फिरवली की वेळ वाढतो आणि लबाडी उघडी पडते.

प्रश्न : सकाळी पाहिलं तर पुढच्या चाकावरचं प्लास्टिक ओढलेलं आणि हेडलाइटची वायर लोंबत होती. मेकॅनिक म्हणतो, उंदराचं काम. गाडीतून काहीच गेलेलं नाही. दुर्लक्ष करू का?

उत्तर : अजिबात नको. उंदीर वायर कुरतडतो, क्लिपा काढून प्लास्टिक बाजूला करत नाही. वायरचं टोक नीट पाहा. दात लागलेल्या वायरचं आवरण खरवडल्यासारखं, वेडंवाकडं असतं. तुमचा कनेक्टर सरळ उपसलेला असेल, तर ते माणसाच्या हाताचं काम आहे.

गाडीतले छोटे संगणक एकमेकांशी दोन तारांच्या एका जाळ्यावरून बोलतात. त्याला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. त्या काळी गाडीच्या आत परका कुणी शिरेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे या जाळ्यावर जो बोलेल त्याच्यावर बाकीचे विश्वास ठेवतात. आजच्या हेडलाइटलाही स्वतःचा संगणक असतो, म्हणून हे जाळं थेट बंपरपर्यंत आलेलं असतं. चोर तिथे यंत्र जोडतो आणि ‘चावी बरोबर आहे, दार उघडा’ असा खोटा निरोप सोडतो. अशा वेळी तुमचं चावीचं पाकीट काहीच करू शकत नाही.

२०२२ मध्ये लंडनमध्ये एका माणसाच्या गाडीला असाच त्रास झाला. एप्रिलमध्ये बंपर ओढलेला, हेडलाइटची वायर निघालेली. त्याला वाटलं, कुणाची तरी टवाळखोरी. जुलैत पुन्हा तेच, आणि दोन दिवसांत गाडी गेली. गंमत म्हणजे हा गृहस्थ गाड्यांच्या सायबर सुरक्षेतलाच संशोधक. त्याने मग मित्राबरोबर या प्रकाराचा छडा लावला. चोर वापरतात ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेलं निघालं. पोलिसांनी झडती घेतली तरी कुणाला संशय येऊ नये, म्हणून.

तेव्हा तुमच्याकडे अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला ते परत येऊ शकतात, असंच धरून चाला. वायर बसवून घ्या, फोटो काढून पोलिसांत कळवा, काही दिवस गाडी दुसरीकडे लावा. तुमच्या मॉडेलसाठी सॉफ्टवेअर अपडेट आलं आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि आज संध्याकाळपासून स्टिअरिंगला लोखंडी कुलूप घाला. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझी गाडी जुनी, साध्या चावीची. स्टिअरिंग लॉक घ्यावं म्हणतो, तर मुलगा हसतो. ‘बाबा, ते करवतीने दोन मिनिटांत कापतात.’ कोण बरोबर?

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय आणि चुकीचा निष्कर्ष काढतोय. कापतात, हे खरं. पण ती दोन मिनिटं आवाजाची असतात, आणि शेजारी कुलूप नसलेली गाडी उभी असताना चोर ती कशाला घालवेल? शिवाय हे कुलूप काचेतून दिसतं. बाकीचे बहुतेक उपाय चोराला बाहेरून दिसत नाहीत. हे त्याला आत शिरण्याआधीच विचार करायला लावतं. वरच्या पत्रातल्या संगणकी चोराकडेही बहुधा करवत नसते.

याचा दाखला अमेरिकेत मिळाला. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारा इमोबिलायझर युरोपात १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे किआ आणि ह्युंदाईने २०२१ पर्यंतच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो बसवलाच नाही. मग मोबाइल चार्ज करायच्या केबलच्या टोकाने गाडी सुरू करण्याचे व्हिडिओ पसरले आणि पोरासोरांनी गाड्या पळवायचा सपाटा लावला. २०२३ मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर दुरुस्ती दिली. पण तिच्या बरोबरीने काय वाटलं? स्टिअरिंगची लोखंडी कुलपं, फुकट, हजारोंनी.

घेताना जड घ्या. कुलपाचं तोंड डॅशबोर्डकडे येईल असं लावा, म्हणजे हत्यार घुसवायला जागा राहत नाही. लावून झाल्यावर स्टिअरिंग फिरवून बघा. लांब दांडा कुठेतरी अडलाच पाहिजे. आणि पाच मिनिटांसाठी उतरलात तरी लावा. कुलूप सीटखाली आणि गाडी चोरीला, अशा हकीकती मी पुरेशा ऐकल्या आहेत.

प्रश्न : मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोटने गाडी बंद केली. परत आलो तर दार उघडं, बॅग गेलेली. बटण नक्की दाबलं होतं. असं कसं?

उत्तर : दाबलं असेल, पण गाडीपर्यंत पोहोचलं नसेल. रिमोटच्याच लहरींवर गोंगाट सोडणारं छोटं यंत्र घेऊन कुणीतरी जवळच बसलेलं असतं. बटण दाबून पाठ फिरवायची आपली सवय त्याला पाठ असते. दिवे लुकलुकले का बघा, आरसे मिटले का बघा, आणि हँडल एकदा ओढा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत चावी खिशात असल्यामुळे हँडल ओढताच दार उघडतं, तेव्हा आरसे आणि दिवे यांवरच भिस्त ठेवा, नाहीतर सोबतच्याला ओढायला सांगून तुम्ही चार पावलं लांब थांबा.

प्रश्न : जीपीएस ट्रॅकर कुठे लपवावा?

उत्तर : आधी हे डोक्यात पक्कं करा की ट्रॅकर चोरी थांबवत नाही. गेलेली गाडी सापडायला मदत करतो, तीही झाली तर. त्याला वरून उपग्रहांचे संदेश हवेत आणि ठावठिकाणा कळवायला मोबाइलचं नेटवर्क. तळघरात किंवा लोखंडी कंटेनरमध्ये दोन्ही तुटतात. चोर हे जाणतात. म्हणून चोरलेली गाडी आधी एखाद्या गल्लीत दोन-चार दिवस उभी करतात आणि कुणी शोधत येतं का ते लांबून बघतात. ट्रॅकर बोलत असेल तर हेच दिवस तुमचे.

जागा सांगत नाही, छापून आलेली जागा लपवण्याची राहत नाही. एवढंच सांगतो : डॅशबोर्डखाली नको, तिथे सगळे आधी हात घालतात. अंगावर चारी बाजूंनी पत्रा नको. आणि स्वतःची बॅटरी असलेलाच घ्या, कारण गाडीची बॅटरी काढणं हे चोराचं पहिलं काम असू शकतं. सामान शोधायचे ब्लूटूथ टॅग स्वस्त पडतात, पण कुणावर पाळत राहू नये म्हणून ते अनोळखी माणसाच्या फोनवर ‘तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय’ अशी सूचना देतात. तो अनोळखी माणूस तुमचा चोर असला तरीही.

गाडी नकाशावर दिसली तर पोलिसांना कळवा. स्वतः आणायला जाऊ नका.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. चावी एकच मिळाली, दुसरी हरवली म्हणतात. चिंता करावी का?

उत्तर : करावी, पण एका दिवसाचं काम आहे. गाडीच्या संगणकात किती चाव्या नोंदवलेल्या आहेत ते सर्व्हिस सेंटरमध्ये कळतं. सगळ्या पुसून तुमच्या हातातली आणि एक नवी, एवढ्याच नोंदवून घ्या. ‘हरवलेली’ चावी मग इंजिन सुरू करू शकत नाही. मात्र तिचं धातूचं पातं दाराचं कुलूप अजून उघडू शकतं, म्हणून किमती सामान आत ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही : मोबाइल ॲप. जुन्या मालकाच्या फोनवर गाडी अजून जोडलेली असेल, तर ती कुठे उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसतं, आणि काही गाड्यांचं दारही तो उघडू शकतो. गाडीच्या पडद्यावरून सगळं मूळ स्थितीत आणा, आणि मालकी आपल्या नावावर झाल्याचं कंपनीला कळवून जुनं खातं तोडून घ्या.

हाताला काळं लागणार आहेच, तर चासी नंबरही पडताळा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून. काचेखालचा, दाराच्या चौकटीवरचा, चासीवर ठोकलेला आणि कागदावरचा, सगळे एक हवेत. आकड्यांभोवती पत्रा घासलेला किंवा रंग ताजा वाटला, तर दुसरी चावी का नाही या प्रश्नाचं उत्तर मिळालंच समजा.

प्रश्न : ओळखीचा इलेक्ट्रिशियन लपवलेलं स्विच बसवून देतो म्हणतो, ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. बसवू?

उत्तर : जुन्या गाडीला उत्तम उपाय. पण स्विच स्टार्टरच्या रिलेवर, म्हणजे स्टार्टरला वीज सोडणाऱ्या खटक्यावर बसवा, म्हणजे फार तर गाडी सुरू होणार नाही. पेट्रोल पंपाच्या लाइनवर बसवलेलं स्विच चालत्या गाडीत गुडघा लागून बंद झालं, की काय होतं ते मी बघितलंय. गिऱ्हाईक घामाघूम होऊन आलं होतं. वायर कापून टेप गुंडाळण्याचं काम नको. योग्य जाडीची वायर, फ्यूज आणि डाग दिलेला जोड हवा. वॉरंटीतल्या गाडीला आणि नव्या संगणकी गाडीला मात्र असं काही करू नका. तिथे पिन मागणारी सोय गाडीतच असेल तर ती चालू करा.

प्रश्न : गाडी विकायला काढली आहे. अनोळखी लोक चालवून बघायला येतात. मी शेजारी बसतोच, तेवढं पुरे ना?

उत्तर : बसा, आणि बसल्यावरच चावी द्या. जागा बदलताना इंजिन चालू ठेवून दोघंही बाहेर, असं होऊ देऊ नका. गाडी तेवढ्यातच जाते. पण जास्त धोका फेरी संपल्यावर असतो. गिऱ्हाईक ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत चावी परत देतं, तुम्ही ती खिशात टाकता. ती तशीच दिसणारी, त्याच कंपनीची, दुसरीच चावी असू शकते. तुमची घेऊन तो रात्री सावकाश येतो. म्हणून माणूस समोर असतानाच बटण दाबा आणि आपलं दार उघडतंय का बघा.