नागपूरच्या उन्हात कुत्र्याला फिरवताना
फुटाळ्याला न्या की सेमिनरी हिल्सला, मे महिन्यात पहाटे ५:३०ला निघा, ७च्या आत घरी. संध्याकाळी घाई नको. सूर्य मावळला तरी आपले सिमेंटचे रस्ते तापलेलेच असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवा; चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील. मग मातीच्या वाटेनेच चला. सोबत लिटरभर पाणी अन् वाटी. थोडं थोडं पाजा. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना फार जपा, त्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले की तो उष्माघातच समजा. सावलीत न्या, पोटावर-पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला, तसंच डॉक्टरकडे पळा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.