लॉन कापल्यावर निघालेल्या गवताचं करायचं काय? कचरागाडीवाले घेत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दर वेळी लॉन कापलं की पोती भरून ओलं गवत निघतं, कचरागाडीवाले ते घेत नाहीत, म्हणून कंपाउंडमागच्या मोकळ्या जागेत ओतत होतात आणि आता तिथून वास येतोय म्हणून शेजारी ओरडतायत.

थट्टा करतोय असं वाटेल, पण बहुतेक वेळा ते गवत उचलूच नका. मशीनची मागची बॅग काढून ठेवा आणि कापलेलं जिथल्या तिथे पडू द्या. ताज्या पात्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे बारीक कापलेले तुकडे उन्हात पटकन सुकतात, उभ्या गवताच्या मधे उतरतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. सुकल्यावर जे उरतं त्यात ३-४ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे विकतच्या खतातून जे घालता तेच फुकट परत मिळतं, वर्षाला लॉनला लागणाऱ्या नायट्रोजनचा साधारण चौथा हिस्सा तरी यातून निघू शकतो. मग त्या हिशोबाने खत कमी करा हां, नाहीतर लॉन अजून भराभर वाढेल आणि तुम्ही परत मशीन घेऊन उभे.

यात एकच पथ्य आहे आणि नेमकं तेच कोणी पाळत नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. ९ सेंटीमीटर वाढलंय तर ६ वर आणा, ३ वर नको. तीन आठवडे ढुंकून बघायचं नाही आणि मग एकदम टक्कल करायचं, हा जो प्रकार चालतो ना त्यातूनच पोती भरतात. शिवाय गवत कोरडं असताना कापा आणि पातं धारदार ठेवा, बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं आणि टोकं पांढुरकी पडतात, जवळून बघा लगेच कळेल.

आता कोणीतरी सांगेलच की असं सोडलं तर लॉनखाली जाड थर जमतो. थर जमतो हे खरं, पण तो मुख्यतः मुळांचा आणि जमिनीलगतच्या आडव्या खोडांचा असतो, त्यात लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा चिवट घटक, जास्त असल्याने ते हळू कुजतं. वरची कापलेली पाती मऊ असतात, ती लवकर संपतात. त्यांच्यावर हा आरोप उगाच आहे.

उचलायचं कधी? गवत फार वाढलेलं किंवा ओलं असताना कापावं लागलं आणि गोळे पडले तर, कारण त्या गोळ्यांखालचं गवत पिवळं पडतं. थोडे गोळे असतील तर दाताळ्याने पसरून टाकलं तरी भागतं. लॉनला रोग लागला असेल किंवा तणांना बी धरलं असेल तर मात्र उचला.

उचललेल्याचं कंपोस्ट करायचं, पण नुसत्या गवताचा ढीग म्हणजे कंपोस्ट नव्हे, तुमच्या मागच्या जागेत नेमकं हेच झालंय. ताज्या गवताचा ढीग दुसऱ्या दिवशी उकरून बघा, आत हात घातला तर चटका बसावा इतका गरम असतो, आणि आणखी काही दिवसांनी पाती एकमेकांना चिकटून ओल्या रद्दीसारख्या पापुद्र्यांनी निघतात, मधे हवेला जागाच नाही. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर समजायचं नायट्रोजन उडून चाललाय, कुजक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही. दोन्हीवर औषध एकच, सुकी पानं. कंपोस्टला कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ लागतो, गवतात तो १५ ते २० ला १ असतो, सुक्या पानांत बराच जास्त, म्हणून एक टोपली गवत आणि दोन टोपल्या सुकी पानं असं मिसळत जायचं, थर लावून सोडायचं नाही, खरंच मिसळायचं. मूठभर घेऊन घट्ट पिळलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून पानं घाला. ढीग मधोमध ५५-६० अंशांवर काही दिवस राहिला आणि मधून मधून खालीवर केला तर तणाचं बी पण बहुतेक मरतं.

झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणूनही चालतं, आधी एखादा दिवस पसरून सुकवा, मग दोन-तीन सेंटीमीटरचाच थर द्या आणि खोडाला चिकटवू नका.

तणनाशक मारलं असेल तर कंपोस्ट आणि आच्छादन दोन्ही थांबवा. क्लोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं कंपोस्ट होऊनही टिकतात आणि मग त्या खतावर लावलेल्या टोमॅटो-शेंगांची पानं गुंडाळायला लागतात. असं गवत लॉनवरच राहू द्या, डब्यावरचं लेबल वाचा.

नाल्यात, गटारात टाकू नका, जाळ्या तुंबतात हा भाग वेगळाच, पण गवत पाण्यात कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला मिळतं. पेटवू तर अजिबात नका, ओलं गवत जळत नाही, नुसतं धुमसतं आणि अख्ख्या गल्लीला खोकवतं. आणि "जनावरं खातील की" म्हणून पोतंभर कोणाच्या दारात नेऊन ओतू नका, साठलेलं गवत लगेच आंबतं, घोड्याला त्याने पोटशूळ होऊ शकतो. बागेचा कचरा वेगळा नेणारी गाडी तुमच्याकडे येत असेल तर तिला जरूर द्या, फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नको.

राहिला तुमचा मागचा ढीग. सकाळी लवकर उकरा, पापुद्रे फोडा, सुकी पानं किंवा बारीक केलेला पुठ्ठा भरपूर मिसळा आणि भिंतीपासून जरा लांब परत सैल रचा. दोन-तीन दिवसांनी एकदा खालीवर करा, वास हळूहळू बसेल. फक्त शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण उकरल्यावर पहिल्या दिवशी तो आहे त्यापेक्षा जास्तच येणार आहे.